बिनपंख्याचं मशीन

माझ्या मामाने मला आयुष्यात कधी बोटही लावलं नव्हतं. मारायचा तो मामीला.

आमच्यात भाचीला मारत नाहीत. मारलं तर मामाचा हात थरथरायला लागतो आणि मरेपर्यंत थांबत नाही, असं म्हणतात. सेइलखान मामा कुणालाच भ्यायचा नाही. तरुणपणी बॉक्सिंगमध्ये त्याने किती नाकं फोडली ते त्यालाच आठवत नव्हतं. पण या थरथरीला मात्र तो भ्यायचा. मग माझ्यावरचा राग निघायचा मामीवर. मी दार आपटलं, तर मामीच्या थोबाडीत. मी शेजारच्या कराघांदा शहराहून उशिरा आले, तर मामीच्या पाठीत. वड्याचं तेल वांग्यावर. तीन वर्षं मी हे बघत होते आणि तीन वर्षं त्याच घरात जेवत होते. माझी लाज काढायची असेल तर काढा, मी आधीच सांगून टाकते.

तेमिरताऊ शहरातल्या त्या पाचव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. मामा पोलाद कारखान्यात रात्रपाळीला, सकाळी येऊन झोपायचा. मी घरी बसून कॉम्प्युटरवर लग्नांच्या व्हिडिओ फिती जुळवायचे. आमच्याकडचं लग्न म्हणजे तीनशे पाहुणे, आणि प्रत्येक जण माइक धरून आशीर्वाद देणार. एका जरी आत्याला कापलं तरी दोन घराण्यांत सात वर्षं बोलणं बंद. एवढं सगळं जोडून शेवटची फीत काढायला माझ्या जुन्या डबड्याला अठरा तास लागायचे, आणि अठरा तास त्याचे पंखे बोंबलायचे. रात्री लावलं तरी दुपारपर्यंत चालणारच.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी असंच चाललं होतं. मामा उठला. माझ्या दारात आला, डबड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वळून स्वयंपाकघरात गेला. मग कपाटाच्या फळीवर डोकं आपटल्याचा आवाज आला. ताटं पडली. पुन्हा आपटलं. मी धावले तेव्हा मामी ओट्याखाली बसली होती आणि भुवईतलं रक्त डोळ्यात उतरत होतं.

"तिला सांग, ते गुरगुरणं बंद कर म्हणावं," मामा मामीला म्हणाला. मी तिथेच उभी होते, पण सांगायचं मामीने.

तो झोपायला गेल्यावर मी मामीच्या भुवईवर बर्फ धरला. झाउरेश मामी हाडाने मजबूत बाई, मनात आणलं असतं तर मामाला उचलून आपटलं असतं. मला म्हणाली, "आवाजाने झोप मोडते गं त्यांची. आवाज नसता तर काही झालं नसतं."

आवाज नसता तर. मी तेवढंच धरून बसले. मूर्ख होते, दुसरं काय. मी ठरवलं, स्वतःच्या हाताने नवं मशीन बांधायचं आणि त्यात एकही पंखा ठेवायचा नाही.

कराघांदाच्या बाजारात रिफात नावाचा एक तातार आहे. गाड्यांचे सुटे भाग आणि कॉम्प्युटरचे सुटे भाग एकाच टपरीत विकतो, आणि गिऱ्हाईकाला शिव्या देत विकतो.

"पहिलंच मशीन, आणि थेट पाण्यावर थंड करणार?" तो म्हणाला. "चालता येत नाही आणि निघाली घोड्यावर."

"पंखा नको. एकही नको."

"मग हा तयार डबा घे. बंदिस्त आहे, गळत नाही, चार स्क्रू लावले की बसला."

"याला पंखे आहेत?"

"दोन. अगदी हळू फिरतात."

"हळू म्हणजे ऐकू येतात."

"कान आहे की काय आहे गं तुझा?"

"माझा नाही. मामाचा."

रिफातने माझ्याकडे नीट बघितलं. तो टपरीच्या मागे गेला आणि वहीएवढी एक धातूची जाळी घेऊन आला.

"झिगुलीच्या हीटरचा रेडिएटर. जुन्या गाडीचा आहे, तांब्याचा. नवे येतात ते अॅल्युमिनियमचे, फुकट दिला तरी घेऊ नकोस. तुझ्या प्रोसेसरवर बसणारा ठोकळा तांब्याचा आहे, आणि तांबं नि अॅल्युमिनियम एका पाण्यात नांदवली तर सवतींसारखी एकमेकांना खातात." त्याने जाळी माझ्या हातात दिली. "आता ऐक. पाणी काही जादू करत नाही. इथली ऊब उचलतं आणि तिथे नेऊन टाकतं. रेडिएटर खोलीत ठेवलास तर त्याच्यावर वारा मारायला पंखे लागणारच. बाल्कनीत ठेव. नळ्या भिंतीतून बाहेर काढ. आपल्याकडची थंडी फुकट आहे."

"आणि उन्हाळ्यात?"

"तोपर्यंत जगलीस तर ये."

"नळी गळली तर?"

"तर मशीन मेलं. म्हणून तर शहाणी माणसं पंखे लावतात. पंखा मेला तर काम थांबतं. नळी सुटली तर सगळंच जातं. घरी जाऊन विचार कर."

"झाला करून," मी म्हणाले. दोन वर्षं साठवलेलं सगळं मी त्या टपरीत ठेवलं आणि ठोकळा, पंप, नळ्या, हिरवं गोठणरोधक पाणी, सगळं पोत्यात घालून बसने घरी आणलं.

मामा कामावर गेला की मी बांधायला बसायचे. तिसऱ्या दिवशी मामी कणकेचे हात पुसत मागे येऊन उभी राहिली.

"हा जोड कुणी लावला?"

"मी."

"गळणार."

ती बाल्कनीत गेली. बटाट्याच्या पोत्यांमागून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी ओढून आणलं. फडकं सोडलं तर आत पाइप पाना. हातभर लांब, दांडा झिजून गुळगुळीत झालेला. तेव्हा मला कळलं की लग्नाआधी नऊ वर्षं माझी मामी वस्तीच्या बॉयलरवर होती. अख्ख्या मोहल्ल्याचं गरम पाणी ती फिरवायची. मामाने लग्नात अट घातली, पुरुषांत काम करणारी बायको नको. तिने पाना लपवला आणि लग्न केलं.

तिने रेडिएटरचा जोड पान्यात धरला आणि एकदाच पिळला. माझी दोन दिवसांची झटापट तिने एका हातात संपवली.

"आता हवा काढ. आत हवा राहिली तर पाणी फिरत नाही, नुसतं डचमळतं. डबा आडवा कर. असा नाही, बाई, कोपऱ्यावर." मी डबा तिरका धरला, तिने पंपाला कान लावला. बुडबुडे वर येऊन फुटायला लागले. "निघाली," ती म्हणाली आणि हसली. हसताना तिच्या ओठावरची खपली फुटली आणि रक्त आलं. तिने जिभेने पुसलं आणि हसतच राहिली.

प्रत्येक जोडाखाली आम्ही कोरडा कागद ठेवला आणि एक दिवस, एक रात्र नुसता पंप चालवला. कागद कोरडे राहिले. पण मशीन चालू केलं तर दुसऱ्याच संकटाने गाठलं. बाल्कनीत इतकी थंडी होती की आत येणाऱ्या नळ्यांना घाम फुटला, थेंब खाली महागड्या भागांवर पडायच्या बेतात. मी बटण बंद केलं आणि रडायला बसले.

"ट्रकवाले हिवाळ्यात काय करतात?" मामीने विचारलं. तिने आपल्या माहेरच्या नमद्याचा, लोकरीच्या जाड गालिच्याचा, एक कोपरा सरळ कात्रीने कापला आणि रेडिएटरवर अर्ध्यापर्यंत पांघरला, ट्रकच्या तोंडावर बांधतात तसा. घाम थांबला. मशीन चालायला लागलं. मी अख्खं लग्न त्याच्यावर टाकलं, आणि खोलीत मामीच्या श्वासाशिवाय कसलाही आवाज नव्हता. मी तिच्या गळ्यात पडले. मला खरंच वाटलं, वाचवलं मी हिला.

नवी वस्तू घरात आली की दाखवायची, आणि बघणाऱ्या मोठ्या माणसाने बायगाजी द्यायची, म्हणजे भेट. रविवारी मामीने बाउरसाक म्हणजे कणकेचे गोळे तळले, खालच्या मजल्यावरच्या ओरिंशा आपाला बोलावलं. आपाने शकुन म्हणून मशीनवर मूठभर साखरगोळ्या उधळल्या, त्यातली एक नेमकी नळीवर बसली आणि मी ती झडप घालून उचलली.

"चालू कधी करणार?" आपाने विचारलं.

"चालूच आहे, आपा."

"मग करतंय काय ते?"

"लग्न लावतंय. तीनशे पाहुण्यांचं."

"आणि एकही पाहुणा बोलत नाही? असलं लग्न मला माझ्या सुनेचं हवं होतं."

मामा खूश होता. मांडीवर थाप मारून म्हणाला, "शाब्बास गं अकबोपे. माग बायगाजी. आपाच्या समोर सांगतो, काय मागशील ते दिलं. भाचीला नाही म्हणणारा मामा मी नाही."

"राहू द्या मामा. वेळ आली की मागेन."

"माग, माग. फक्त घोडा मागू नकोस, पाच जिने चढणार नाही." सगळे हसले. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण आपाने ऐकलं होतं, आणि मोठ्या माणसासमोर दिलेला शब्द आमच्याकडे परत घेता येत नाही.

तीन दिवस घरात शांतता होती. चौथ्या दिवशी सकाळी मामा कामावरून आला, मी मशीनवर बसले होते. स्वयंपाकघरातून एक बारीक आवाज आला. ओलं फडकं ओट्यावर मारल्यासारखा. मग पुन्हा. मला वाटलं, मामी कणीक मळतेय. मग तिचा श्वास आत ओढला गेला, तो ऐकू आला. मी गेले. मामा चहा पीत होता. मामी शेगडीकडे तोंड करून उभी होती आणि तिचा कान लाल होता.

"काय झालं?"

"कुठे काय," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पोटात लाथ, कारण चहात दूध आधी घातलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी काहीही कारण नव्हतं. घर इतकं शांत होतं की मला चापट कुठली आणि मूठ कुठली ते भिंतीपलीकडून कळायला लागलं. पंखे होते तेव्हा मला फक्त मोठा मार ऐकू यायचा. रोजचा त्या बोंबलण्यात बुडून जायचा.

मी मामीला बाल्कनीत गाठलं. "आवाज तर बंद झाला ना? मग आता का मारतो?"

ती बटाटे निवडत राहिली. "आवाजाचं मी आपलं बोलले होते. माणसाला काहीतरी कारण सांगावं लागतं. तू यायच्या आधी मी म्हणायचे, त्यांना ब्लड प्रेशर आहे म्हणून." मग थांबून म्हणाली, "राग धरू नकोस, पण पंखे होते ते बरं होतं गं. त्या आवाजात मला रडता यायचं. आता तू ऐकशील म्हणून तोंडात फडकं धरते."

सगळी अक्कल, सगळा पैसा, सगळी मेहनत घालून मी त्या बाईचं काय केलं होतं, तर तिचं रडणं तेवढं काढून घेतलं होतं. मला मामाचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा आला. अशा रागात माणूस गप्प बसू शकत नाही. मी तर कधीच बसू शकले नाही.

शनिवारी दुपारी मी पहिला फटका ऐकला आणि उठले. मामाने मामीचे केस मुठीत धरले होते आणि तिचं तोंड तापलेल्या शेगडीकडे दाबत होता. केस करपल्याचा वास सुटला होता. मामी दोन्ही हातांनी ओटा धरून मागे रेटत होती आणि तिच्या तोंडात खरंच फडकं होतं.

"सोड तिला," मी म्हणाले. मामाला मी जन्मात पहिल्यांदा अरेतुरे केलं. त्याने सोडलं ते त्या धक्क्यानेच. मूठ उगारून वळला आणि ती माझ्या तोंडासमोर वीतभर येऊन थांबली.

"आत जा. भाची आहेस म्हणून वाचतेस."

"जाते. बायगाजी घेऊन जाते."

"आत्ता?"

"आत्ता. मामी दे मला."

तो हसला. "बायको काय मेंढी आहे, द्यायला?"

"मेंढीला तू इतकं मारलं नसतंस. दूध आटलं असतं."

तो माझ्या खोलीत शिरला. नळ्यांचा जुडगा मुठीत धरला आणि मुळासकट उपटावा तसा ओढला. हिरवं पाणी भिंतीवर, पडद्यावर, जमिनीवर उडालं. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. मग त्याने डबा जमिनीवर पाडला आणि बुटाच्या टाचेने आत नाचला, काच आणि पत्रा आणि माझी दोन वर्षं. "ही घे तुझी बायगाजी," तो धापा टाकत म्हणाला.

"मशीन कुणी मागितलं होतं? मी मामी मागितली. आपासमोर बोललास. जीभ आहे की पायपुसणं?"

तेव्हा त्याने मला मारलं.

सरळ जबड्यावर. मी त्या हिरव्या पाण्यात आडवी पडले, आणि तोंडात एक दात जिभेवर सुटा फिरत होता. खालून मी त्याच्या हाताकडे बघितलं. तोही बघत होता. मूठ त्याने डोळ्यांसमोर धरली होती, उलटी केली, सुलटी केली. हात दगडासारखा स्थिर होता.

"थरथरत नाही," तो म्हणाला. आणि त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मला पहिल्यांदा मरणाची भीती वाटली. इतकी वर्षं त्याला एकच गोष्ट अडवत होती आणि ती खोटी निघाली होती. त्याने हात पुन्हा उचलला, आता सावकाश, काही घाई नसल्यासारखा.

मामी दारात उभी होती. तिने तोंडातलं फडकं काढून टाकलं होतं आणि तिच्या हातात पाना होता.

बॉयलरवर गंजलेल्या नटाला मारतात तसा तिने दोन्ही हातांनी, अंदाज घेऊन, त्याच्या मनगटावर मारला. हाड तुटल्याचा आवाज त्या शांत घरात स्वच्छ ऐकू आला. तो गुडघ्यांवर आला आणि तुटका हात जमिनीवर टेकला. तिने त्याच हातावर पुन्हा मारला. मग तिसऱ्यांदा. मी तिला थांबवलं नाही, आणि आज विचाराल तरी थांबवणार नाही.

"भाचीवर हात टाकलास तू," मामी म्हणाली. बावीस वर्षांत ती त्याला पहिल्यांदाच तू म्हणाली असेल. "भाचीवर."

तिच्या दृष्टीने सगळं तिथेच मोडलं होतं. स्वतःची हाडं, स्वतःचे दात, ते तिने कधी हिशेबात धरलेच नव्हते.

"ऊठ," ती मला म्हणाली. "तो दात थुंक, ते पाणी विषारी असतं. चूळ भर. चल."

आम्ही घरच्या चपलांवर जिना उतरलो आणि ओरिंशा आपाचं दार वाजवलं. आपाने माझं तोंड बघितलं, मामीचे करपलेले केस बघितले, तिच्या हातातला पाना बघितला. "बायगाजी मागितली वाटतं," ती म्हणाली आणि आम्हाला आत घेऊन कडी लावली. रुग्णवाहिकाही तिनेच बोलावली. मामाने डॉक्टरांना सांगितलं, सांडलेल्या पाण्यावर घसरलो. दुसरं काय सांगणार होता तो बॉक्सर?

आता आम्ही कराघांदात एका खोलीत राहतो. मामी बॉयलरवर परत लागली, तिथे काही अडलं की लोक तिलाच वाकून विचारतात. मोडक्यातून जे वाचलं त्याचं मी पुन्हा मशीन बांधलं. त्याला चार पंखे आहेत, रिफातने शिव्या देत निवडून दिलेले, आणि ते दिवसभर बोंबलतात. मी एकदा म्हणाले, पाण्यावर करू का परत? मामी म्हणाली, "बोंबलू दे."

मे महिन्यात माझ्याकडे एका लांबच्या नातेवाइकाच्या लग्नाची फीत जोडायला आली. पाहुण्यांच्या रांगेत मामा दिसला. कुणीतरी त्याला चहाची वाटी दिली. त्याने त्याच उजव्या हाताने घेतली आणि ती ओठापर्यंत पोचेना. हात थडथड उडत होता, चहा कोटावर, टेबलावर, शेजारणीच्या ओढणीवर. त्याने दुसऱ्या हाताने तो हात दाबून धरला, तरी थांबेना. कॅमेऱ्याजवळच्या कुणा म्हातारीचा आवाज फितीत स्वच्छ आला होता. "भाचीला मारलंन ना याने. म्हणतात ते खोटं नाही, बायांनो."

मामी पाळीवर निघाली होती. पिशवी खांद्याला, पाना पिशवीत. ती माझ्या खुर्चीमागे थांबली.

"मागे घे," ती म्हणाली.

मी घेतलं. तिने बघितलं.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा बघून झाल्यावर मी विचारलं, "एवढं कापू का?"

"का कापायचं?" मामीने पिशवी सारखी केली. "सगळ्यांना बघू दे. भाचीला मारलं की हात थरथरतो."